मुलगी मोबाईलवर पझल भराभर सोडवते, पण पटावर तीन चालींच्या पुढे गडबडते. घरी तयारी कशी करून घ्यावी?

मनीषनगरची_आई

नमस्कार मंडळी. लेक ११ वर्षांची आहे, सहावीत. चार वर्षांपासून बुद्धिबळ खेळते, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १४५० च्या आसपास आहे. मला स्वतःला फक्त चाली येतात, म्हणजे घोडा अडीच घरं जातो वगैरे, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं तर समजून घ्या. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियात बटुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून तर आमच्या घरात दुसरा विषयच नाही. आपल्या नागपूरची पोरगी, १९ व्या वर्षी फायनलला कोनेरू हम्पीला हरवते आणि एकदम ग्रँडमास्टर होते, हे लेकीनं डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तिची मेहनत करायची तयारी आहे, त्यात काही कमी नाही.

अडचण अशी आहे की मोबाईलवर पझलमध्ये ती १९०० च्या वर आहे, पण खरा पट समोर आला आणि मोठा डाव असला की तिसऱ्या-चौथ्या चालीनंतर डोक्यात गोंधळ सुरू होतो. गेल्या रविवारचंच सांगते, घरी आल्यावर तिनं मला पट मांडून दाखवलं म्हणून एवढं लक्षात आहे. ती पांढऱ्यानं खेळत होती. (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्यांना १ ते ८ म्हणतात, त्यावरून घराचं नाव.) हिनं उंटानं एच७ चं प्यादं मारलं, शह. राजानं उंट खाल्ला. घोडा जी५, परत शह. राजा जी८ वर मागे. मग वजीर एच५, आता एच७ वर मात. इथपर्यंत सगळं हिनं आधीच मोजून ठेवलं होतं, अगदी खूश होती. आणि समोरच्या मुलानं सी८ चा उंट सरळ एफ५ वर आणून ठेवला. तो उंट एच७ राखतो, मात गेली, हिचा एक मोहरा कमी, डाव तिथेच संपल्यात जमा.

मी विचारलं अगं तो उंट दिसला कसा नाही तुला. तर म्हणे, "आई, माझ्या डोक्यात त्याचं प्यादं अजून ई६ वरच होतं." ते प्यादं त्याच्या दोन चाली आधीच डी५ वर हिचं प्यादं मारायला गेलं होतं, आणि त्यानेच उंटाची वाट मोकळी झाली होती.

सर म्हणतात व्हिज्युअलायझेशन (डोक्यात पट आणणं) कमी पडून राहिलं, कॅल्क्युलेशन (चाली पुढे मोजणं) वाढवा. पण वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? रात्री झोपताना डोळे मिटून पट आणायचा प्रयत्न करते आणि रडकुंडीला येते, "मला चित्रच दिसत नाही, दिव्याताईला दिसत असेल ना" म्हणते. अशा मुलांना खरंच अख्खा पट फोटोसारखा दिसतो का? शाळा-ट्यूशन धरून रोज अर्धा-पाऊण तास मिळतो. मी सोबत बसायला तयार आहे, फक्त काय करून घ्यायचं ते कुणीतरी सांगा.

बर्डीचा_उंट

ताई, सगळ्यात आधी त्या लेकराला आज रात्रीच सांगा की चित्र दिसलंच पाहिजे असं काही नाही. मी वीसेक वर्षं मुलांना शिकवतोय आणि ही भीती दरवर्षी कुणाला ना कुणाला तरी असते. आल्फ्रेड बिने नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये यावरचा अभ्यास छापला होता, पट न बघता खेळणाऱ्या खेळाडूंना तुम्हाला आत काय दिसतं असं विचारून. त्याला वाटलं होतं झळझळीत फोटो दिसत असेल, मोहऱ्यांच्या रंगाआकारासकट. पण चांगल्या खेळाडूंनी सांगितलं ते वेगळंच, की उंट म्हणजे लाकडाचा उंट दिसत नाही, तो कुठल्या रेषेवर जोर लावतोय ते जाणवतं. म्हणजे आपल्याला आपल्या घरात अंधारात स्विच कुठे आहे ते दिसत नाही पण हात बरोबर जातो ना, तसं. ते जाणवणं सरावानं येतं.

आता सुरुवात अगदी खालून करा, तिला बोअर झालं तरी. घराचा रंग. तुम्ही "एफ६" म्हणायचं, तिनं पट न बघता "काळं" म्हणायचं. तुम्हाला स्वतःला उत्तर तपासायचं असेल तर ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं धरून दोन्ही आकडे मिळवा, बेरीज सम आली तर काळं घर, विषम आली तर पांढरं. एफ म्हणजे ६, अधिक ६, बारा, काळं. पण हे गणित तुमच्यासाठी आहे हो, तिनं बेरीज करायची नाही, तिला ते आपल्या गल्लीतल्या घरासारखं ओळखीचं व्हायला पाहिजे. पहिल्या दिवशी प्रत्येक घराला चार-पाच सेकंद लागतील. पाठ झाल्यासारखं फटकन यायला लागलं की पुढे जायचं.

पुढचं म्हणजे कर्ण. सी१ वरचा उंट एच६ पर्यंत जातो तर वाटेतली घरं सांग: डी२, ई३, एफ४, जी५. मग उलटं, एच६ वरून मागे. मुलांना मागे येणारी चाल फार उशिरा दिसते, मोठ्यांनाही. मग दोन कर्ण कुठे भेटतात ते विचारा, ए१ वरून एच८ ला जाणारा आणि एच२ वरून बी८ ला जाणारा? ई५. यात तिला बोट हवेत फिरवावंसं वाटेल, फिरवू द्या पहिले आठ दिवस, मग हात मांडीखाली.

आणि हे सगळं टेबलावर बसून अभ्यास म्हणून करू नका. गाडीवर, स्वयंपाक करताना, मेट्रोत. अर्धा तास जो मिळतो तो पटासाठी ठेवा.

वऱ्हाडी_घोडा

बर्डीच्या काकांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण ताई मला वाटते तुमच्या पोरीचा प्रॉब्लेम थोडा वेगळा आहे. तिला पाच चाली पुढचं दिसून राहिलं ना! उंट, शह, घोडा, शह, वजीर, सगळं मोजलं. ज्या पोरीला खरंच दिसत नाही ती इथपर्यंत पोचतच नाही. तिची चूक पुढच्या चालीत नाही झाली, तिनं मोजायला सुरुवात केली तोच पट जुना होता. ई६ चं प्यादं दोन चालींपूर्वी उठून गेलं आणि हिच्या डोक्यात ते तिथंच बसून राहिलं.

काहून राहिलं? कारण हा एच७ चा बळी, म्हणजे मुद्दाम मोहरा देणं, तिनं पझलमध्ये पन्नास वेळा पाहिला असंन आणि त्यातल्या बहुतेक पोझिशनमध्ये ई६ वर काळं प्यादं असतेच. डोक्यानं तो साचा उचलला आणि समोरच्या पटावर ठेवून दिला. हे साच्याचं काम फार जबरदस्त असते. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोघांनी प्रयोग केला होता (एकाचं आडनावच चेस), खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून मांडायला सांगायची. मास्टर लोक नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर ठेवत. मग तेच मोहरे कसेही अस्ताव्यस्त ठेवून दाखवले तर मास्टरचा फायदा जवळजवळ संपला. म्हणजे आपण एकेक मोहरा पाहतच नाही, ओळखीचे गठ्ठे पाहतो. म्हणून आपण पझल भराभर सोडवतो, आणि म्हणूनच एक प्यादं इकडचं तिकडं झालं तर फसतो.

यावर मी माझ्या पुतण्याकडून जे करून घेतो ते सांगतो. त्याला पट न देता मी चाली वाचून दाखवतो, हळूहळू, आधी पांढऱ्याची मग काळ्याची. ई४ ई५. घोडा एफ३, डी६. उंट सी४, उंट जी४. घोडा सी३, जी६. आता पांढऱ्यानं घोड्यानं ई५ चं प्यादं मारलं, वजीर मोकळा सोडला. काळ्यानं वजीर खावा का?

पोरं विचार करतात आणि मग चेहरा खुलतो. वजीर खाल्ला तर उंट एफ७ वर शह, राजा ई७, घोडा डी५, मात. बिचाऱ्या राजाला जायला घरच नाही. वजीर न खाता प्याद्यानं घोडा खाल्ला तर पांढरा वजीर जी४ चा उंट खातो आणि एक प्यादं वर राहते. ठीक.

आता खरी परीक्षा. मी म्हणतो, तोच डाव, फक्त काळ्यानं जी६ खेळलाच नाही, त्याऐवजी घोडा सी६ खेळला. आता पांढऱ्यानं ई५ वर मारावं का? दहातली आठ पोरं हो म्हणतात! कारण साचा तोच आहे. पण आता सी६ चा घोडा ई५ वर मारतो आणि तिथून जी४ चा उंट पण राखतो, पांढऱ्याचा घोडा फुकट गेला. एका मोहऱ्याचा फरक. हे असं जोडी-जोडीनं सोडवलं पाहिजे, एकदा चालते ते आणि एकदा थोडक्यात फसते ते. ॲपवरच्या पझलमध्ये हेच नसते, तिथं उत्तर आहेच हे आधीच माहीत असते, म्हणून पोरगं बळी द्यायला मागंपुढं पाहत नाही.

आणि डाव चालू असताना मोजायला बसण्याआधी दहा सेकंद नुसता पट पाहायचा. काय आहे ते नाही, काय नाही ते. शेवटच्या दोन चालींत कोणतं घर रिकामं झालं, त्यानं कोणती रेषा उघडली. तुमच्या पोरीनं ई६ रिकामं आहे एवढं मनात म्हटलं असतं तर सी८ चा उंट तिला आपोआप दिसला असता.

रामदासपेठ_रॅपिड

मी कॉलेजला आहे, १७०० च्या आसपास, मला पण हाच त्रास होता म्हणून लिहितो. मला ज्या गोष्टीने खरंच फरक पडला ती म्हणजे वही. पझल मोबाईलवर नाही, पटावर मांडायचं, मोहऱ्याला हात लावायचा नाही, आणि पूर्ण उत्तर वहीत लिहायचं, समोरच्याच्या चालींसकट, अगदी शेवटपर्यंत. मगच उत्तर बघायचं. मोबाईलवर काय होतं की पहिली चाल खेळली, बरोबर आली, मग ॲपच समोरच्याची चाल खेळून दाखवतं, म्हणजे सगळ्यात अवघड काम, समोरचा काय करेल ते शोधणं, ॲप करतं आणि आपल्याला वाटतं आपण पाच चाली मोजल्या. मी एका वर्षात हजारो पझल केले आणि त्यातल्या बहुतेकांत मी एकच चाल मोजली होती हे मला वहीमुळे कळलं. दिवसाला तीनच पझल करा पण लिहून. ॲपमध्ये चाली बघायला पटावर बाण काढायची सवय असेल तर ती पण बंद करा, पटावर कुणी बाण काढून देत नाही.

आणखी एक, लिहिताना समोरच्याच्या प्रत्येक चालीला तीन प्रश्न: तो शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, काही धमकी देऊ शकतो का. आपल्या चालींचे तीन-चार पर्याय सगळे शोधतात, समोरच्याचा मात्र एकच, आणि तो पण आपल्याला सोयीचा.

घोड्याचा खेळ पण घ्या. रिकाम्या पटावर घोडा या घरातून त्या घरात कमीत कमी किती चालींत, पट न बघता. ए१ वरून बी२ ला द्या तिला, शेजारचंच घर आहे, बघा किती सांगते.

धरमपेठ_एंडगेम

बाकी सगळं पटलं, फक्त एक सावधगिरी. कुणी पूर्ण डाव डोळे बांधून खेळायला लावायचा सल्ला दिला तर आत्ता ११ व्या वर्षी करू नका. त्याचं आकर्षण फार असतं मुलांना, नायडॉर्फनं १९४७ मध्ये साओ पाउलोला ४५ पटांवर एकाच वेळी न बघता खेळून दाखवलं, २०१६ मध्ये गारेयेवनं ४८ पटांवर, हे वाचलं की वाटतं हेच शिखर. पण ती वेगळी कसरत आहे. अर्ध्यात पट हरवला की मुलांचा आत्मविश्वास जातो, आणि तुमची लेक आधीच रडून राहिली आहे.

त्यापेक्षा कमी मोहऱ्यांचं काहीतरी द्या. माझा आवडता म्हणजे रेटीचा १९२१ चा अभ्यास (म्हणजे मुद्दाम रचलेलं कोडं), चारच मोहरे. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी करायची. पट लपवून तोंडी सांगा, चार मोहरे कुणालाही लक्षात राहतात. पहिल्यांदा प्रत्येक जण म्हणतो अशक्य, काळं प्यादं पळून जाईल, पांढरा राजा दोन घरं मागे आहे, आणि त्याचं स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी.

उत्तर इथे लिहू का, बरं लिहितोच, तुम्हाला तपासायला लागेल. राजा जी७, प्यादं एच४, राजा एफ६. आता काळ्यानं प्यादं एच३ वर ढकललं तर राजा ई७, प्यादं एच२, सी७, राजा बी७, राजा डी७ आणि दोघांचे वजीर होतात. आणि काळा आधी राजा बी६ खेळला तर राजा ई५! इथे थांबा आणि तिला विचारा हा राजा कुठे चाललाय. उत्तर आहे दोन्हीकडे. काळ्यानं सी६ खाल्लं तर राजा एफ४, पुढे जी३, प्यादं सापडलं. नाही खाल्लं, एच३ केलं, तर राजा डी६ आणि आपलं प्यादं निघालं. एकाच तिरक्या वाटेनं चालत राजा दोन कामं करतो. सरळ चाला नाहीतर तिरपं, राजाला चाली तेवढ्याच लागतात. हे शब्दांत वाचून कळतं पण डोक्यात स्वतः चालवून बघितल्यावर जे होतं ते वेगळंच. मी चाळिशीत पहिल्यांदा पट न मांडता सोडवला, त्या दिवशी अंबाझरीला फिरायला गेलो होतो, अजून आठवतं कोणत्या बाकाजवळ होतो ते.

बर्डीचा_उंट

डोळे बांधण्याबद्दल सहमत, पूर्ण डाव नको. पण सहा-आठ चाली ऐकून "आता कोणत्या घरात काय आहे" एवढं विचारायला हरकत नाही, वऱ्हाडी घोडा करतात तसं. पट हरवायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही.

मनीषनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, पाच आठवड्यांनी लिहून राहिले कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

क्लासला जाताना आम्ही जयप्रकाश नगरहून मेट्रोनं सीताबर्डीला येतो. घराचा रंग हा खेळ तिथेच सुरू केला, छत्रपती चौकापासून काँग्रेस नगरपर्यंत. पहिल्या दिवशी एवढ्या प्रवासात अकरा घरं झाली आणि तीन चुकली. आता मी विचारायच्या आत तीच मला विचारते आणि मीच बोटांवर बेरीज करत बसते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी एकदा "डी४ काळं" असं मध्येच सांगितलं, तेव्हापासून ती जास्त जोरात उत्तरं देते.

वहीचा फार त्रास झाला. पहिला आठवडा रोज भांडण, "एवढं लिहायला लागलं तर पझल कधी होणार". तीन पझलला पाऊण तास लागायचा आणि त्यातली दोन चूक, तेही मोबाईलवर जी ती अर्ध्या मिनिटात सोडवते तसलीच. तिलाही धक्का बसला आणि मलाही. पण मग तिनंच वहीत एक कॉलम केला, "माझ्या डोक्यात काय चुकीचं होतं". त्यात बघितलं तर जास्त वेळा एकच गोष्ट आहे: मोहरा हलवला तरी तो जुन्या जागेवर पण धरला जातो. एका ठिकाणी तर तिचाच हत्ती दोन घरांत होता.

वऱ्हाडी घोडा दादा, तुमच्या त्या जोडीच्या प्रश्नात ती फसलीच. दुसऱ्यांदा पण "मारावं" म्हणाली. मी पट मांडून दाखवला तेव्हा बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली "म्हणजे रविवारी माझं हेच झालं". आता डाव खेळताना चाल करण्याआधी ओठ हलतात तिचे, विचारलं तर म्हणते कोणती घरं रिकामी झाली ते म्हणते.

रेटीचा अभ्यास चार दिवस चालला. मी उत्तर सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती, छताकडे बघत. "आई, राजा ई५ वर गेला की दोघांच्या मधे येतो." मग दोन्ही वाटा शेवटपर्यंत सांगितल्या, एकही घर चुकलं नाही. मी विचारलं दिसलं का चित्र. म्हणाली, "नाही, चित्र नाही, पण राजा कुठून जाणार ते कळलं."

परवा एक स्पर्धा झाली, सहापैकी साडेतीन. एक डाव परत घाईत घालवला, वेळ कमी उरला होता तेव्हा. रेटिंगचं काय होईल ते होईल.

रामदासपेठ दादा, ए१ वरून बी२ ला घोडा चार चालींत: सी२, ई३, डी१, बी२. तिनं विचारायला सांगितलंय की बी३, सी५, ए४, बी२ पण चालतं ना, आणि पटाच्या चारही कोपऱ्यांना असंच होतं का.

रामदासपेठ_रॅपिड

दोन्ही बरोबर! आणि हो, चारही कोपऱ्यांना. आता तिला विचारा की मधल्या घरांवर, म्हणजे डी४ वरून ई५ ला, दोनच चालींत का होतं.